हालचालीमागील मेंदूचे भाग स्वतः कसे ओळखावेत

प्रथम उजव्या हाताची मूठ मिटा व उघडा. हा आदेश मेंदूच्या डाव्या अर्धगोलातील प्रेरक पट्ट्यातून निघतो आणि त्याचे बहुतेक तंतू लंबमज्जेत, म्हणजे मज्जारज्जूला जोडलेल्या मेंदूच्या खालच्या टोकात, बाजू बदलतात. या पट्ट्यात बोटांना आणि ओठांना धडापेक्षा कितीतरी अधिक जागा लाभली आहे, आणि आपले लेखन व बोलणे त्यावरच उभे आहे.

आता समोरच्या व्यक्तीला एक बोट हातभर अंतरावर धरण्यास सांगा, आणि आपल्या तर्जनीने आळीपाळीने स्वतःच्या नाकाला व त्या बोटाला स्पर्श करा. नेम अचूक ठेवण्याचे हे काम लहान मेंदूचे असून, तो मात्र शरीराच्या त्याच बाजूची जबाबदारी सांभाळतो. म्हणून उजवे बोट लक्ष्याजवळ पोहोचताना वारंवार थरथरत असेल, तर डॉक्टर लहान मेंदूच्या उजव्या भागाचाही विचार करतात.

हालचाल सुरू करण्यात मेंदूच्या खोल भागातील गंडिकांचा, म्हणजे चेतापेशींच्या समूहांचा, वाटा असतो. पार्किन्सनच्या आजारात हालचाली मंदावतात, त्या याच गंडिकांच्या बिघाडामुळे.

या कृती निदानासाठी नाहीत. अचानक हात लुळा पडल्यास किंवा चेहरा वाकडा झाल्यास तपासणीत क्षणही न घालवता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.