युरोपात खेळायला जायचंय? आधी झांडची गोष्ट ऐका

मी कोल्हापूरची. पेठांच्या फुटबॉल मॅचेस शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून बघत वाढले. २०१५ मध्ये जर्मनीतल्या ऑफेनबुर्गला एमएस करायला गेले, तेव्हा बॅगेत चटणीच्या डब्याशेजारी स्टड्सही होते. माझी मजल हौशी लीगपुढे गेली नाही. तरी हल्ली मुली विचारतात, "ताई, तिकडं ट्रायल कशी मिळते?" त्यांना मी योवाना दाम्न्यानोविचबद्दल सांगते.

ऑफेनबुर्गहून सायकलने मक्याच्या शेतांमधून गेलं की झांड लागतं. (लिहितात 'सांड', पण आपल्याकडचा नव्हे!) गाव एवढंसं, पण त्याचा महिला संघ २०१४ ते २०२२ बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये होता. कठड्याला टेकून उभं राहिलं की खेळाडूंची आपसातली ओरड स्पष्ट ऐकू यायची. त्या संघाची स्ट्रायकर होती ही सर्बियन पोरगी.

जन्म बेलग्रेडचा, नोव्हेंबर १९९४. क्लब तिथलाच, क्रवेना झ्वेझ्दा, म्हणजे लाल तारा. नाव मोठं, पण मुलींच्या लीगमध्ये तेव्हा दरवर्षी सुबोतिका शहराचा स्पार्ताक क्लब जिंकायचा आणि चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धाही तोच खेळायचा. बाहेरच्यांच्या नजरेत भरायला राष्ट्रीय संघाच्या मॅचेस, एवढाच काय तो आधार.

२०१३ मध्ये ती जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्ग क्लबला गेली, अठरा पूर्ण झाल्यावर. हे वय नीट लक्षात ठेवा. फिफाच्या नियमाने अठराच्या आत परदेशी क्लबमध्ये नोंदणी होत नाही. आईवडील फुटबॉलशिवाय दुसऱ्या कारणाने तिकडे राहायला गेले असतील, तर गोष्ट वेगळी. युरोपियन युनियनमधल्या मुलींना आपसात सोळा पूर्ण झाल्यावर सवलत आहे. सर्बिया युनियनमध्ये नाही, आणि आपण तर नाहीच. सोळा वर्षांच्या मुलीला 'जर्मनीत करार करून देतो' म्हणणारा एजंट भेटला, तर चहा पाजून वाटेला लावा.

वोल्फ्सबुर्गने २०१४ मध्ये लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकल्या. पण त्या संघात पुढे पॉप, म्युलर अशी माणसं. एकोणीस वर्षांच्या मुलीला जागा मिळणार कुठून? २०१५ मध्ये ती झांडला आली. वरवर बघितलं तर उतरती पायरी. मला मात्र तिच्या करिअरमधला हाच सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. तिथे ती खेळली. झांड २०१६ आणि २०१७, दोन्ही वर्षी जर्मन कपच्या फायनलला, कोलोनला पोचलं आणि दोन्ही वेळा वोल्फ्सबुर्गकडूनच २-१ ने हरलं. २०१७ मध्ये तिला बायर्न म्युनिकने घेतलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. युनियनबाहेरच्या खेळाडूला जर्मनीत व्यावसायिक म्हणून परवाना हवा, तर तिकडे पेन्शन विम्याचा हप्ता ज्या कमाल पगारापर्यंत कापतात, त्याच्या निदान निम्मा पगार लागतो. महिला फुटबॉलमध्ये छोट्या क्लबना तो परवडेलच असं नाही. म्हणून पगाराचा आकडा ट्रायलआधीच विचारा, लाजू नका.

आणि माझी फजिती. एका क्लबला मी माझ्या गोलांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, वर गाणंबिणं लावून. कोचचं एका ओळीचं उत्तर आलं: पूर्ण मॅच पाठव. माझ्याकडे पूर्ण मॅच नव्हतीच. कॉलेजच्या नावाजलेल्या टीममध्ये मी दोन वर्षं बेंचवरच बसले होते.