मेडली: आधी बाहेर पडायला शिका

बँकेच्या संगणक विभागात बावीस वर्षं कोबोल या भाषेत प्रोग्रॅम लिहिले. फाइल लिहायची, कंपाइल करायची, चालवायची. निवृत्तीनंतर त्याच सवयीने मेडली इंटरलिस्प (लिस्प भाषेत प्रोग्रॅम लिहायचं जुनं वातावरण) उघडलं आणि पहिल्याच रात्री दोन तासांचं काम घालवून बसले. म्हणून मी शेवटापासून सांगते.

निघताना कंसात नुसतं लॉगआउट लिहायचं. त्यापुढे टी जोडलात तर काहीही न जपता सगळं बंद होतं. मी तेच केलं होतं! नुसत्या लॉगआउटने मात्र अख्खी मेमरी डिस्कवर उतरते. उघड्या खिडक्या, अर्धवट फंक्शन्स, सगळं दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथे सापडतं.

झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत हे वातावरण डोरॅडो, डँडेलियन अशा खास यंत्रांवर चालायचं. १९९२ साली इंटरलिस्पला एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या चमूतले लॅरी मॅसिंटर आणि इतर मंडळींनी आता ते पुन्हा उभं केलंय. मैको नावाचं सी भाषेतलं आभासी यंत्र त्या जुन्या यंत्रांची जागा घेतं. फुकट आहे, लिनक्स आणि मॅकवर चालतं, विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय). ब्राउझरमध्येही चाखून बघता येतं, पण पाहुणे म्हणून शिरलात तर काम जपलं जात नाही.

माउस तीन बटणांचा घ्या. टचपॅडवर मी तासभर डोकं आपटलं. शेवटी कपाटातला जुना चाकवाला माउस काढला. चाक दाबलं की मधलं बटण. रिकाम्या पडद्यावर उजवं बटण दाबलं की मेन्यू येतो, त्यातून इंटरलिस्पचा एक्झेक, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, उघडा. कॅप्स लॉक चालू ठेवा, इथे लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात आणि आज्ञा मोठ्या अक्षरांत असतात.

मी पहिलं फंक्शन सरळव्याजाचं केलं, नाव 'व्याज'. डिफाइनक्यू (फंक्शनची व्याख्या करायची आज्ञा), आत नाव, आत लॅम्डा (इथून फंक्शनचा मजकूर सुरू होतो), आत मुद्दल गुणिले दर गुणिले वर्षं, भागिले शंभर. शेवटी चार कंस बंद करायचे होते. मोजू नका, एकच चौकोनी कंस द्या, तो सगळे मिटवतो.

गुणाकाराच्या टाइम्स या शब्दातला ई मुद्दाम गाळून फंक्शन चालवून बघा. 'डू व्हॉट आय मीन' नावाची सोय (वॉरन टाइटेलमन यांची) चूक ओळखते, टाइम्स म्हणायचंय का विचारते आणि व्याख्येतही दुरुस्ती करते. कोबोलचा कंपायलर एका पूर्णविरामासाठी पानभर चुका ओकायचा, ते आठवून मी एकटीच हसले.

पस्तावलात तर अनडू लिहा. ते व्हेरिएबलला दिलेली किंमतही मागे घेतं.

सगळं मेमरीतच, मग फाइल कुठाय? कंसात फाइल्स आणि प्रश्नचिन्ह लिहा. नवीन काय काय झालंय ते सांगून, कुठलं कुठे ठेवायचं ते विचारतं. मग मेकफाइल, त्याने फाइल डिस्कवर लिहिली जाते. लॉगआउटने सगळं जपलं जात असलं तरी मी हे रोज करते. कोबोलवालीला फाइल डोळ्यांनी दिसावी लागते.