‘स्टिकी विकेट’ म्हणताना या चुका टाळा

दादरला मी नोकरी करणाऱ्यांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. मागच्या महिन्यात एक मुलगा ऑफिसचा वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म दाखवायला घेऊन आला. बलस्थानाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘आय अ‍ॅम ऑलवेज ऑन अ स्टिकी विकेट.’ त्याला म्हणायचं होतं, मी चिकाटीने टिकून राहतो. साहेबांनी वाचलं असतं, मी कायम अडचणीत असतो.

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिचं मूळ शोधावंसं वाटलं. ते आपल्या मराठीतच आहे. लवकर बाद न होणाऱ्याला आपण ‘चिकट फलंदाज’ म्हणतो, आणि कौतुकाने म्हणतो. ‘विकेट’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो बाद होणारा गडी: विकेट पडली, त्याची विकेट काढली. दोन्ही जोडले की अर्थ होतो ‘सहजी न पडणारा गडी’. म्हणजे मूळ अर्थाच्या बरोबर उलट.

या वाक्प्रचारातली विकेट म्हणजे खेळपट्टी. मुंबईच्या मैदानांवर हा अर्थ अजून रोजच्या बोलण्यात आहे. ‘आज विकेट ओली आहे’, ‘पाटा विकेट आहे, टॉस जिंकलास तर बॅटिंग घे’ हे शिवाजी पार्कवर किंवा आझाद मैदानावर सहज कानावर पडतं. चिकट आहे ती जमीन, माणूस नव्हे. एवढं पक्कं झालं की निम्म्या चुका तिथेच संपतात.

पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत. पाऊस पडून नुसती ओली झालेली खेळपट्टी तितकी वाईट नसते, चेंडू घसरत बॅटवर येतो. खरा त्रास उघडीप झाल्यावर. उन्हाने वरचा थर सुकू लागतो, खाली माती मऊच राहते. टप्पा पडला की चेंडू मातीत रुततो, मग एक हनुवटीपर्यंत उसळतो, दुसरा घोट्याजवळून जातो, तिसरा हातभर वळतो. डिसेंबर 1950 मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत अशाच खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाने 7 बाद 32 वर डाव घोषित केला, कारण धावा जमवण्यापेक्षा इंग्लंडला त्याच मातीवर उभं करणं फायद्याचं होतं. इंग्लंडला 193 हवे होते, सगळे 122 मध्ये बाद झाले. लेन हटन मात्र 62 वर नाबाद राहिला. आपल्याकडे 1948 पासून कांगा लीग ही मुंबईची क्रिकेट स्पर्धा पावसाळ्यात खेळली जायची ती अशाच ओल्या मैदानांवर, म्हणून मुंबईकराला हा वाक्प्रचार परका वाटायचं खरं तर कारण नाही.

तर अर्थ असा: पायाखालची जागाच दगा देते आहे, आणि त्याच जागेवर उभं राहून खेळायचं आहे. उदाहरण घ्या. घर भाड्याने दिलं, पण करार नोंदवला नाही आणि आता भाडेकरूशी वाद आहे. इथे ‘विदाउट अ रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट, यू आर ऑन अ स्टिकी विकेट’ चपखल बसतं. तुमचं म्हणणं खरं असेलही, पण ते ज्यावर उभं आहे तो आधार कच्चा आहे.

म्हणूनच लोकल कुर्ल्याला अर्धा तास थांबली, हे सांगायला तो वापरू नका. तिथे तुम्ही नुसते अडकला आहात. बचाव करायचा नाही, निर्णय घ्यायचा नाही. कुणाचं आजारपण किंवा घरातला मृत्यू याबद्दल बोलताना तर मुळीच नको. खेळातला शब्द तिथे ऐकणाऱ्याला बोचतो.

शब्दयोगी शब्दाचं म्हणाल तर नेहमी ‘ऑन’. ‘इन अ स्टिकी सिच्युएशन’ हाही बरोबर प्रयोग आहे, त्याच्या सवयीने ‘इन अ स्टिकी विकेट’ तोंडात येतं. खेळपट्टीवर उभे राहता, खेळपट्टीत नाही, हे मनात आणलं की जीभ आपोआप सुधारते.

मराठीत लिहिताना ‘कंपनी चिकट खेळपट्टीवर आहे’ असं शब्दशः उतरवू नका. ‘पंचाईत’, ‘अडचणीची जागा’ असे आपले शब्द आहेत. ‘इकडे आड तिकडे विहीर’ मात्र जवळचं वाटलं तरी वेगळं: तिथे दोन वाईट पर्याय असतात, इथे वाट एकच, पण निसरडी.

अमेरिकन क्लायंटशी कॉलवर बोलत असाल तर सरळ ‘वी आर इन अ टफ स्पॉट’ म्हणा. क्रिकेट न पाहिलेल्याला विकेट कळेलच असं नाही. आणि क्रिकेटचाच वाटणाऱ्या ‘बोल्ड ओव्हर’शी गल्लत करू नका. त्याचा अर्थ भारावून जाणं. काहीच सुचेनासं झालं तर ‘स्टम्प्ड’.

त्या मुलाचं वाक्य मी खोडलं नाही. त्याला जे सांगायचं होतं ते खरं होतं आणि शब्दही चांगला निवडला होता, फक्त फलंदाज वाक्यात यायचा राहिला होता. त्याने स्वतःच दुरुस्त करून लिहिलं, ‘आय कॅन बॅट ऑन अ स्टिकी विकेट.’