बुडापेस्ट गॅम्बिट खेळून पाहताय? या चुका टाळा

बुद्धिबळातली ही ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, अशी होते: १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५. काळा दुसऱ्याच चालीला ई प्यादं पुढे टाकतो. ३. डी×ई५ (× म्हणजे मारणं) झाल्यावर घोडा जी४ वर येतो आणि तेच प्यादं परत मागतो. ही झाली बुडापेस्ट गॅम्बिटची सुरुवात; गॅम्बिट म्हणजे फायद्यासाठी सुरुवातीलाच प्यादं देऊ करणं. १८९६ मध्ये बुडापेस्टला अॅडलर विरुद्ध मारोत्सी या डावात ती पटावर आली, पण तिचं नाव झालं ते १९१८ मध्ये बर्लिनला. डी४ ला काय उत्तर द्यावं हे सुचत नसलेल्या मिलान विडमारने मित्र इश्तवान अबोनीकडून ती शिकून घेतली आणि अकिबा रुबिन्स्टाइनला २४ चालींत हरवलं. त्याच स्पर्धेत मीझेसनेही रुबिन्स्टाइनला तिनेच हरवलं आणि श्लेख्टरने बरोबरी साधली. एवढ्या मोठ्या खेळाडूला एका स्पर्धेत तीनदा अडचणीत आणणारी ही ओपनिंग आज ऑनलाइन ब्लिट्झमध्ये (झटपट डावांत) नुसता सापळा म्हणून खेळली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फक्त सापळ्यासाठी खेळणं

सापळा देखणा आहे, यात शंका नाही. ४. उंट एफ४ घोडा सी६ ५. घोडा एफ३ उंट बी४ शह ६. बीचा घोडा डी२ वजीर ई७ ७. ए३. पांढऱ्याने उंटावर हल्ला केलाय, पण काळा उंट हलवतच नाही. तो जी४ च्या घोड्याने ई५ मारतो. पांढऱ्याने मोहात पडून ८. ए×बी४ केलं की घोडा डी३ आणि मात! ई२ चं प्यादं घोड्याला मारू शकत नाही, कारण त्याच उभ्या रांगेत ई७ वर वजीर आहे आणि मागे स्वतःचा राजा. जॉर्ज कीनिंगरने १९२५ मध्ये व्हिएन्नात हे साधलं, म्हणून हा कीनिंगर सापळा.

पण पांढऱ्याने ८. घोडा×ई५ घोडा×ई५ ९. ई३ खेळलं, की डी३ चं घर एफ१ च्या उंटाच्या ताब्यात येतं आणि सापळा संपतो. बरेच जण इथे गोंधळतात, कारण पुढचा डाव त्यांनी कधी बघितलेलाच नसतो. खरं तर काळ्याचं काही बिघडलेलं नसतं. ९... उंट×डी२ शह १०. वजीर×डी२ नंतर प्यादं परत मिळालेलं असतं. पांढऱ्याकडे दोन उंट असतात, त्यामुळे किंचित सरशी त्याची, पण डाव नीट खेळता येतो. डी६, किल्लेकोट आणि ई५ चा भक्कम घोडा, एवढ्या भांडवलावर पुढे चला.

ई५ चा हिशेब न करणं

याच डावात सहाव्या चालीला पांढरा घोडा सी३ खेळला तर चित्र बदलतं. ६... वजीर ई७ ७. वजीर डी५ नंतर ई५ वर काळ्याचे तीन मोहरे रोखलेले आणि पांढऱ्याचेही तीन राखणदार. इथे सवयीने घोड्याने ई५ मारलं, तर मारामारीच्या शेवटी मोहराच जातो. हे प्यादं परत मिळणार नाही, हे मान्य करायचं. ७... उंट×सी३ शह ८. बी×सी३ एफ६ ९. ई×एफ६ घोडा×एफ६. घोडा येता येता वजिरावर हल्ला करतो, आणि पांढऱ्याची ए, सी३, सी४ ही प्यादी कायमची विस्कळीत होतात. त्यानंतर घाईने राजावर हल्ला नको. डी६, किल्लेकोट, आणि मग सी४ वर दबाव: बी६, उंट ए६, घोडा ए५. एक प्यादं कमी असण्याची भीती वाटत असेल, तर ही ओपनिंग तुमच्यासाठी नाही.

ए८ च्या हत्तीला विसरणं

मला या ओपनिंगमध्ये सर्वांत जास्त आवडतो तो हा भाग, आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात. पांढरा ४. घोडा एफ३ खेळला की आधी उंट सी५. एफ२ वर धोका असल्याने पांढऱ्याला ५. ई३ खेळावं लागतं आणि त्याचा सी१ चा उंट आत अडकतो. त्याऐवजी काळ्याने आधी घोडा सी६ काढला, तर पांढरा उंट एफ४ ला निवांत बाहेर येतो.

५. ई३ घोडा सी६ ६. उंट ई२, मग ई५ वर घोड्यांची अदलाबदल, दोघांचे किल्लेकोट, आणि काळा हत्ती ई८ वर आणतो. आता ए५! एक तर बी४ थांबतं, उंटाला ए७ चं घर मिळतं, आणि ए८ चा हत्ती ए६ वर येऊ शकतो. तिथून तो आडव्या रांगेतून थेट जी६ किंवा एच६ वर, पांढऱ्या राजासमोर. वजीर एच४ वर आला की एच२ वर दोघांचा मारा सुरू होतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे सवयीने डी६ आधी खेळणं. डी६ झालं की सहावी रांग बंद, आणि हत्ती ए६ वर ताटकळतो. आधी हत्ती पलीकडे न्या, मग डी६ करून सी८ च्या उंटाला वाट द्या. दुसरी काळजी सी५ च्या उंटाची. तो तिथे असेपर्यंत सी४ चं प्यादं पुढे सरकू शकत नाही. हत्ती ए६ वर असताना उंट ए७ ला गेला, तर ई४ च्या घोड्याच्या आधाराने पांढरा सी५ ढकलतो. ई२ च्या उंटाची नजर हत्तीवर पडते आणि ए७ चा उंटही कोंडला जातो. हत्ती पलीकडे गेलेला नसेल तर उंट एफ८ ला न्या. तिथे तो कोंडला जात नाही.

४. ई४ ला घोडा जी४ वर धरून ठेवणं

अलेखाइनच्या नावाने ओळखली जाणारी ही चाल अनेकांना घाबरवते. घोड्याला आधार द्यायला एच५ खेळू नका. सरळ घोडा×ई५ करा. ५. एफ४ ला घोडा सी६ किंवा जी६. पांढऱ्याला मध्यभागी जागा मिळते, पण एफ प्यादं पुढे गेल्याने जी१ ते ए७ हा कर्ण कमकुवत होतो. उंट बी४ शह देऊन किंवा सी५ वर आणून त्याचा फायदा घ्या.

सी४ झालेलं नसतानाही ई५

१. डी४ घोडा एफ६ २. घोडा एफ३ असेल तर ई५ टाकलं की प्यादं फुकट जातं. घोडा ते सरळ मारतो आणि परत मिळवायला काही उरत नाही. सी४ झालेलं असलं की उंट बी४ च्या शहाला सी३ करून अडवता येत नाही. गॅम्बिटचा जीव त्यातच आहे. अनेक अनुभवी खेळाडू बुडापेस्ट टाळायला मुद्दाम २. घोडा एफ३ खेळतात. त्याला उत्तर म्हणून जी६ किंवा ई६ ची एखादी पद्धत आधीच तयार ठेवा. २. सी४ ई५ नंतर पांढऱ्याने प्यादं न मारता ३. डी५ केलं तर उंट सी५ खेळा. तो कर्ण तुमच्यासाठी आयता मोकळा झालेला असतो.

डाव संपल्यावर इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्राम) सुरू केलं की तिसऱ्या चालीपासूनच पांढरा थोडा वरचढ दिसेल. तो आकडा सोडून द्या. चौथ्या चालीला पांढऱ्याने काय निवडलं आणि आपण नेमके कुठे अडखळलो, हे वहीत लिहा. उंट एफ४, घोडा एफ३ आणि ई४ यांची वेगवेगळी पानं करा. एकाच पानावर हरलेले डाव साठू लागले, तर सगळी ओपनिंग बदलायची गरज नाही, तेवढी शाखा पुन्हा बसून बघा.