ड्युओ-आर्ट पियानो सगळं एकाच जोरात वाजवतोय? या चुका टाळा

कागदी रोलवर आपोआप वाजणाऱ्या साध्या पियानोत स्वरांचा जोर पायाने पेडल मारणाऱ्यावर अवलंबून असतो. वेल्टे-मिनियाँ (१९०४), अँपिको आणि एओलियन कंपनीचा ड्युओ-आर्ट हे त्यापुढचे. पादेरेव्स्कीसारख्या नामवंत पियानोवादकाने कुठे हळुवार वाजवलं, कुठे जोर लावला, हेही त्यांच्या रोलवर छिद्रांमध्ये असतं. हार्मोनियमचा भाता हवा ढकलतो, इथे पंप हवा खेचतो. खेच जितकी जास्त, तितका हातोडा जोरात पडतो.

आवाज सपाट झाला की लोक पहिल्यांदा एक्स्प्रेशन बॉक्सची (खेच कमी-जास्त करून जोर ठरवणाऱ्या पेटीची) स्प्रिंग आवळतात. नेमकं हेच करू नका. नव्वद-शंभर वर्षांच्या यंत्रात खेच कमी पडण्याचं नेहमीचं कारण गळती हेच असतं: कडक झालेल्या रबरी नळ्या, जीर्ण भात्याचं कापड, वाळलेली चामडी झडप. स्प्रिंग आवळल्याने गळती झाकली जाते. मोठे स्वर जेमतेम जमतात आणि हळुवार स्वर कायमचे जातात. आधी ट्रॅकर बारची (रोल जिच्यावरून सरकतो त्या पट्टीची) सगळी छिद्रं चिकटपट्टीने झाका, पंप चालू करा आणि रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक सांध्यासांध्यावरून फिरवा. फुसफुस ऐकू येते.

ड्युओ-आर्टमध्ये ‘अकॉर्डियन’ नावाच्या छोट्या भात्यांचे दोन संच असतात, एक साथीच्या स्वरांसाठी, एक मुख्य सुरावटीसाठी. प्रत्येक संचात चार भाते. त्यांची जोराची किंमत १, २, ४ आणि ८. बेरजा करून शून्य ते पंधरा अशा सोळा पायऱ्या मिळतात. या हिशेबामुळे बिघाडाचा माग काढणं सोपं जातं, तरी बरेचजण सगळंच उघडून बसतात. टेस्ट रोल लावून पायऱ्या क्रमाने ऐका. आवाज सातपर्यंत चढला आणि आठव्या पायरीला एकदम खाली कोसळला, तर ८ चा भाता मेलाय, कारण तिथे एकटा तोच काम करत असतो. दोन-दोन पायऱ्या सारख्याच वाजल्या, तर १ चा. आवडता रोल लावून कानाने अंदाज बांधणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय.

भाते नव्याने मढवताना जाड कापड वापरू नका. १ च्या भात्याची हालचाल जेमतेम दीड मिलिमीटर असते. ताठ कापडाने तीही अडते. झडपांना तेल तर चुकूनही नको, चामडं फुगतं. आणि पांढरा फेविकॉलछाप डिंक नको, सरस वापरा, म्हणजे पुढच्या कारागिराला सांधा न फोडता सोडवता येईल.

एखादी पायरी सुटतच नसेल, तर तिथलं बारीक ब्लीड छिद्र (नळीतली उरलेली हवा काढून घेणारं) धुळीने बुजलं असेल. ते साफ करा; ड्रिल घालून मोठं केलंत, तर तो दोष सहजासहजी दुरुस्त होत नाही.

अँपिकोचा रोल ड्युओ-आर्टवर स्वर वाजवेल, पण जोर-हळुवारपणाची छिद्रं वेगळ्या पद्धतीची, त्यामुळे भाव चुकणारच. त्याला बिघाड समजू नका.

आता आपल्याकडचे दोन प्रश्न. एक्स्प्रेशनची छिद्रं रोलच्या कडांकडे असतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागद रुंदीला फुगला, की आधी तीच ट्रॅकर बारवरून सरकतात; मधले स्वर मात्र ठीक वाजत राहतात. अशा वेळी स्क्रूला हात न लावता रोल आणि खोली कोरडी ठेवा. दुसरं, अमेरिकेतून आलेल्या पियानोची मोटर ६० हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० व्होल्ट करून देतो, पण ५० हर्ट्झचे ६० करत नाही. इंडक्शन मोटर सहाव्या हिश्श्याने मंद फिरते, तापते आणि पंपाची खेच कमी पडते. अशा ठिकाणी पंपाची पुली बदला किंवा ५० हर्ट्झची मोटर बसवा, आणि जुनी मोटर पियानोसोबतच जपून ठेवा.