नवरा गेल्यावर प्रार्थना कशी करायची, आणि मध्येच हसू आलं तर काय

यांच्या अंत्यविधीच्या चर्चमधल्या उपासनेत मी हसले. मोठ्याने नाही, पण खांदे हलण्याइतपत. हे गाताना कायम ऑर्गनच्या अर्धी ओळ पुढे असायचे. 35 वर्षं मी शेजारी उभी राहून कोपराने ढोसलं, फरक शून्य. त्या दिवशी यांचंच आवडतं गीत लावलं आणि सगळी मंडळी पहिल्यांदा एका तालात गायली. इतकं सुरळीत, की मला चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि हसू फुटलं. तोंडावर रुमाल धरला. मागच्या बाकावरच्या भगिनीने रडतेय समजून पाठीवर हात ठेवला. तिचंही चुकलं नाही, तोवर रडू आलंच होतं.

याला आता 14 महिने झाले. ज्यांच्या घरी नुकतंच असं काही झालंय, त्यातल्या दोघीतिघींनी मला विचारलं, "प्रार्थनाच होत नाही हो, काय करायचं?" मी पाळक म्हणजे चर्चची धर्मगुरू नाही, गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. मला जे जमलं तेवढंच सांगते.

आधी जेवा आणि झोपा. हे अध्यात्मात बसत नाही असं वाटत असेल तर बायबलमधलं 1 राजे, अध्याय 19 काढा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "पुरे झालं, आता मरण दे" म्हणतो. देवदूत येतो तो उपदेश करायला नाही. हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो, पितो, परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा तेच, ऊठ, खा. देवाशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवस चालून डोंगरावर पोचल्यावर. पहिले काही आठवडे माझी सगळी भक्ती म्हणजे वेळेवर ताट वाढून घेणं. तेवढी पुरते.

मग शब्द उसने घ्या. स्वतःचे सुचत नसतील तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत भरपूर आहेत. मी स्तोत्र 13 पासून सुरू केलं, कारण ते छोटं आहे आणि पहिल्या दोन वचनांतच "कोठवर?" हा सवाल चार वेळा येतो. वाचायचं ते मोठ्याने, उभं राहून. बसून मनात वाचलं की माझे डोळे ओळींवरून नुसते घसरायचे. रोज एकच स्तोत्र, आठवडाभर तेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी ओळ आपली होते, मग तिथेच थांबायचं, पुढचं राहिलं तरी चालतं.

शेवटी आभार मानले नाहीत तर प्रार्थना अर्धवट राहते, असं आपल्यावर बिंबवलेलं असतं. मलाही तो खोडा होता. तो स्तोत्र 88 ने काढला. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधाराशी येऊन थांबतं. कुणी त्याला शेपटासारखं "हालेलूया" चिकटवलं नाही, तसंच पवित्र शास्त्रात राहू दिलं. ज्या रात्री यांच्या बाजूचा दिवा मालवताना हात आखडायचा, त्या रात्री मी एवढंच म्हणायचे, "प्रभू, आज 88." आणि आमेन.

तक्रार असेल तर ती देवाच्याच तोंडावर करा, शेजारणीकडे नको. योहान 11 मध्ये मार्था येशूला सामोरी जाऊन म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येऊन तेच ऐकवते. दोघींनाही तो गप्प करत नाही. त्या भावाला, लाजराला, मेलेल्यातून उठवणार हे ठाऊक असूनही रडतो. आणि कबरीवरची धोंड काढा म्हटल्यावर मार्था आठवण करून देते की प्रभू, चार दिवस झालेत, आता वास येत असेल. एवढ्या दुःखातही बाईचं घरचं लक्ष सुटत नाही. मला ती फार आवडते.

सांत्वनाला जाणाऱ्यांसाठी एकच: बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं छान होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" हे मला नऊ जणांनी सांगितलं. मी मोजत होते, सवय. एक भगिनी आली, काही न बोलता बादलीतले कपडे वाळत घातले आणि गेली. तिच्यासाठी मी अजून प्रार्थना करते.

आता हसण्याचं. हसू आलं तर अडवू नका. हे प्रवचनात डुलक्या काढायचे. मी चिमटा काढला की प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 चा हवाला द्यायचे. तिथे प्रेषित पौलाचं भाषण लांबतं, खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून पडतो, लोक मेलेला उचलतात, तो जिवंत होतो, आणि पौल पुन्हा पहाटेपर्यंत बोलतो! "मी तर साध्या बाकावर आहे," हे म्हणायचे. विनोद त्यांच्याबरोबर पुरायचा नसतो. मी तो आता नातवंडांना सांगते.

एका कार्यालयात मृत्यूचा दाखला पुढे ठेवला तरी खिडकीतला तरुण म्हणाला, "मिस्टरांची सही लागेल." म्हटलं, "आणते, पण पुनरुत्थानापर्यंत थांबावं लागेल." त्याने दाखला पाहिला, कान लाल झाले. मग आम्ही दोघंही हसलो आणि काम झालं. एरवी मी त्याच्यावर ओरडले असते. नेमकी त्याच दिवशी झोप पुरी झाली होती. पुन्हा एलीया.

सगळ्यात शेवटी, गेलेल्या माणसाचं एखादं काम पुढे चालवा, छोटंसंच. यांच्या बायबलमध्ये एक चिठ्ठी सापडली, रोज प्रार्थना करायच्या माणसांची. अकरा नावं. सातवं नाव खोडून परत लिहिलेलं, पुन्हा खोडून परत लिहिलेलं. तो आमचा शेजारी, आमच्या फाटकासमोर गाडी आडवी लावणारा. मी रोज अकराही नावं वाचते. सातव्याशी आवाज जरा चढतो. कालही गाडी आडवीच होती. मी पेन्सिल घेतली, नाव खोडलं आणि रात्री परत लिहिलं.