म्हातारपणी शेजारी राहायला लाकडाची घरं बांधताय? मग आधी पडवी आखा

कोकणात आता गावोगावी हेच दिसतं, मुलं मुंबई-पुण्याला नाहीतर त्याहून लांब, आणि एवढ्या मोठ्या घरात दोघंच, कधी तर एकच जण. त्यामुळे आपण चार-सहा नातेवाईक किंवा मित्र मिळून जागा घेऊ, आठ-दहा छोटी घरं बांधू आणि सोबतीने राहू असं बरेच जण बोलतात. खरंच करणार असाल आणि लाकडात करणार असाल तर हे वाचा.

पहिली गोष्ट, प्लॅनमध्ये घरं झाल्यावर कोपऱ्यात 'कम्युनिटी हॉल' टाकून मोकळं होऊ नका. हॉलमध्ये जायला काहीतरी कारण लागतं, कपडे बदलायला लागतात, चावी कोणाकडे ते शोधावं लागतं, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाला हे सगळं रोज होत नाही. पडवीत मात्र माणूस तसाही बसतो, तांदूळ निवडायला, पेपर वाचायला, आणि समोरून कोणी गेलं की आपोआप बोलणं होतं. म्हणून मधे खळं, म्हणजे मोकळं अंगण ठेवा, घरं त्याच्याकडे तोंड करून बसवा आणि सगळ्यांच्या पडव्या एकमेकींना जोडून टाका.

रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, म्हणजे निसरड्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, पाय घसरेल या भीतीने म्हातारी माणसं चार महिने घरात अडकतात. जोडपडवी असली की भर जुलैत छत्रीशिवाय पलीकडच्या टोकाला जाता येतं. आणि लाकडाला जे हवं तेही इथेच मिळतं, कारण पुढे आलेलं छप्पर झड अडवतं आणि भिंती, खांब, खिडक्या कोरड्या राहतात. लाकूड पावसाने एकदा भिजलं म्हणून कुजत नाही, भिजून वाळायला वावच मिळाला नाही की कुजतं.

पडवीची रुंदी निदान ६ फूट हवी, बाक ठेवूनही व्हीलचेअर जायला पाहिजे. बाकाची उंची दीड फूट, पाठ टेकायला फळी आणि दोन्ही बाजूंना हात, कारण हातावर जोर दिल्याशिवाय गुडघे उठू देत नाहीत. स्वयंपाकघराची खिडकी पडवीकडे काढा, सकाळी चहाच्या वेळेला ती बंद दिसली तर शेजारी लगेच विचारेल. झोपायची खोली मात्र मागे, आणि मागचं दारही हवंच. ज्याला आज कोणाशी बोलायचं नाही त्याला गुपचूप बाहेर पडता आलं पाहिजे, नाहीतर तो पुढचं दारच लावून घेतो, कायमचं.

स्टॉकहोममध्ये फेर्डक्नेपेन नावाची इमारत आहे, १९९३ची, ४३ फ्लॅट, चाळिशी ओलांडलेल्या आणि मुलं सोबत नसलेल्या लोकांसाठी. तिथे प्रत्येकाने आपला फ्लॅट थोडा लहान घेतला आणि वाचलेली जागा सगळ्यांच्या स्वयंपाकघराला दिली, सोमवार ते शुक्रवार पाळीपाळीने स्वयंपाक होतो. आपल्याकडेही हे जमेल, पण प्रत्येकाची छोटी चूल घरात राहू द्या, पथ्यपाणी, उपास, सोवळं-ओवळं यावरून वाद नकोत.

आता लाकूड. नवा साग महाग, आणि तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास हेही बघावं लागतं. कोकणात जुनी घरं पाडून स्लॅब पडतायत, त्यातले वासे, तुळया, खांब विकायला येतात, ते आधी बघा. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड, आता वाकायचं ते वाकून झालेलं! फक्त खिळे काढून घ्या, टोकं टोचून बघा आणि पांढरट रसकाठाला, म्हणजे सालीलगतच्या कच्च्या लाकडाला, कीड लागली असेल तर तेवढं तासून काढा. नवं लाकूड घेतलं तर सुताराकडे मॉइश्चर मीटर लावून बघा, दारं-खिडक्यांसाठी १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास पाहिजे.

जोतं जांभ्याचं, दीड-दोन फूट, आणि खांब थेट जमिनीत अजिबात पुरायचा नाही, दगडी उथळ्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, किंवा लोखंडी बुटात उभा करायचा म्हणजे वाळवीला चोरवाट उरत नाही. कीड-वाळवी लागू नये म्हणून आतल्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिड चालतं, पण पावसात ते धुऊन जातं, त्यामुळे बाहेर त्याच्या भरवशावर राहू नका. काजूच्या टरफलाचं तेल बाहेरच्या लाकडाला चांगलं, पण कच्च्या तेलाने कातडी भाजते, म्हणून कठडा आणि बाक यांना नको.

एवढं जोतं म्हणजे चढ आलाच, तर रॅम्प १:१२ उताराचा करा, २ फुटांना २४ फूट लांबी लागते, मधे सपाट विसावा ठेवा, जागा आधीच धरा. उंबरा हा तर मोठा धोका, पाय अडखळतो आणि खुबा मोडतो. पण उंबराच नको म्हटलं की आजी ऐकणार नाहीत, हळदकुंकू कुठे लावायचं? तर सागाची पट्टी फरशीच्या समपातळीत बसवा, पडवीला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि दाराबाहेर जाळीची पन्हळ घ्या. पूजा होते, पाणी आत येत नाही.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी रायगडात पाहिलं त्यांना पुढचं सांगायला नको. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं बांधा, उडालं तरी घराचं राहील, आणि वासे नुसते खिळ्यांवर न ठेवता लोखंडी पट्ट्यांनी तुळईला आणि खांबाला जखडा. आगीचं म्हणाल तर जाड तुळई बाहेरून कोळशाची होत हळूहळू जळते, साधारण मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर, पातळ फळ्या मात्र भराभर पेटतात. तेव्हा सिलिंडर बाहेर, वायरिंग पाइपातून आणि प्रत्येक घराला दोन दारं.

दरवर्षी मे महिन्यात सगळ्यांनी मिळून एक फेरी मारायची, खांबांची बुडं स्क्रू-ड्रायव्हरने टोचायची, कौलं शाकारायची, पन्हळी साफ करायच्या. शिडीवर चढायला गावातला गडी बोलवा, म्हाताऱ्यांनी खालून सांगायचं कुठलं कौल सरकलंय ते.